दोनशे सतरा नंबरची नळी

४ मार्च

आज नणंदेचं रक्त घेतलं. मीच मागे लागले होते — अभ्यासाला पाचशे गरोदर बायका हव्यात आणि गाडी दोनशेच्या पुढे सरकत नव्हती. तिचा बारावा आठवडा. लग्नाला आठ वर्षं, आधीची दोन पोटातच गेलेली. सुई टोचताना म्हणाली, लहानपणी मला डास चावला तरी दादा रडायचा. दोघी हसलो, नळी भरली. नळीवर नाव नसतं, नुसता नंबर. २१७. लेबल मीच चिकटवलं. ते काम दुसऱ्या कुणाला तरी सांगायला हवं होतं.

७ मार्च

आकडा आला. मशीन बिघडलं असेल म्हणून पुन्हा लावला. तोच.

बाळाच्या वारेतून आईच्या रक्तात उतरणारं एक प्रथिन आम्ही मोजतो. ते फार कमी असलं तर पुढे आईचं ब्लडप्रेशर भडकतं, बाळ खुरटतं, कधी दोघंही हाती लागत नाहीत — हा अंदाज. तो खरा की खोटा, हेच तर शोधतोय. तोवर आकडे कुणालाच कळवायचे नाहीत. बाईला नाही, तिच्या डॉक्टरलाही नाही.

२१७ सगळ्यांच्या खाली आहे.

१० मार्च

अभ्यास चालवणाऱ्या सरांकडे गेले. माणूस वाईट नाही, आधी बसवून पाणी दिलं. म्हणाले, असे आकडे आलेल्या निम्म्या बायका ठणठणीत बाळंत होतात, उगाच जिवाला घोर कशाला लावायचा? आणि एकीला सांगायचं तर बाकीच्यांनी काय पाप केलंय? मग हळू आवाजात — "तिचा नंबर तुम्हाला माहीत असणं हेच नियमाबाहेर आहे. मी काही ऐकलं नाही."

गुप्तता पाळीन म्हणून सही केलेली आहे. नोकरी गेली तर परत अशी मिळायची नाही. यांना सांगितलं नाही. सख्खी बहीण, लगेच धावत सुटतील.

१६ मार्च

ब्लडप्रेशरचं मशीन घेऊन नणंदेकडे गेले. नवीन आहे, सराव करायचाय, असं सांगितलं. बारा वर्षं लॅबमध्ये काढलेली बाई आणि सराव! तिनं दंड पुढे केला. नॉर्मल.

२३ मार्च

एक साधी, जुनी गोळी आहे. सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू केली तर काहींना वाचवते. आज ताटं पुसता पुसता तिला गोळीचं नाव सांगितलं. तुझ्या डॉक्टरीणबाईंना सहज विचारून बघ, म्हटलं. सहज! तिनं नाव कागदावर लिहून घेतलं.

२७ मार्च

फोन आला. विचारलं, गरज नाही म्हणाल्या, एवढंच बोलली. मग मलाच तुझी तब्येत कशी आहे म्हणून विचारत बसली.

१ एप्रिल

आज सोळा पूर्ण. तोंड उघडलं नाही.

११ मे

रविवारी जाते, मशीन लावते, नॉर्मल येतं. बाळ लाथा मारतंय म्हणून माझा हात धरून पोटावर ठेवला. मला हात काढून घ्यावासा वाटला.

८ जून

सकाळी दंडावरचा पट्टा फुगला आणि आकडा एकशे सत्तरवर. चेहरा सुजलेला, डोळ्यांपुढे ठिपके. टॅक्सीनं हॉस्पिटल. हे दवाखान्याच्या जिन्यात बसून राहिले, वर यायला तयारच नाहीत.

११ जून

मुलगी झाली. सव्विसावा आठवडा. वजन जेमतेम पाचशे ग्रॅम. चार तास होती.

१९ जून

कामावर गेले. २१७ चा फॉर्म पूर्ण करायचा होता. 'परिणाम' या रकान्यात माझ्याच हातानं लिहिलं. सर मागे उभे होते. म्हणाले, "चाचणी बरोबर निघाली." आनंदानं नाही म्हणाले. तरी म्हणाले.

राजीनामा लिहिला. फाडला. कुणाला काय उपयोग?

२ जुलै

नणंदेकडे गेले होते. सगळं सांगून टाकलं — आकडा, सर, सही. ती खिडकीकडे तोंड करून ऐकत होती.

"मशीन घेऊन आलीस त्याच दिवशी ओळखलं होतं," म्हणाली. "डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नुसत्या शंकेवर गोळी देत नाही, एखादा रिपोर्ट दाखव, आज सुरू करते. कुणी सांगितलं तुला, असं तीनदा विचारलं. तुझं नाव घ्यावं लागलं असतं, वहिनी. नाही घेतलं."