नॉर्मनला घरातून हलवू नये

मी, क्लिफर्ड ऑगडेन, वय वर्षे एकोणऐंशी, पूर्वीचा फुटबॉलपटू व प्रशिक्षक, राहणार बेकप, लँकेशायर, बुद्धी शाबूत असताना आणि कोणीही भरीस घातले नसताना हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. बुद्धीइतकी ग्वाही डाव्या पायाबद्दल देता येत नाही. याआधीची सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. माझे राहते घर माझी मुलगी मॉरीन हिला मिळावे. मात्र नॉर्मन डक्सबरी हयात आहे तोवर ते विकू नये आणि मागच्या खोलीतून त्याला हलवू नये. मॉरीन म्हणते, "डॅड, त्याला वृद्धाश्रमात ठेवू या. तो आपला लागतो कोण?" म्हणून तो कोण लागतो ते इथे लिहितो.

मी डाव्या बाजूचा बचावपटू. मोठ्या संघाने मला कधी विचारले नाही. प्लिमथपासून कार्लाइलपर्यंत, कोणाचा बचावपटू जायबंदी झाला की मला बोलावणे येई. माझी दिवंगत पत्नी एनिड नव्या घराचे पडदे शिवून होईतो पुढचे गाव आलेले असे. शेवटी तिने पडदे शिवणेच सोडले.

हॅलिफॅक्सला चिखलात सामना होता. चेंडू केव्हाच पुढे गेला होता, तरी समोरच्या संघातल्या नॉर्मनचा बूट माझ्या नडगीवर आला. त्यानंतर मी खेळलो नाही. तो माफी मागायला आला नाही, पुढेही कधी मागितली नाही.

मी आमच्या गावच्या संघाचा प्रशिक्षक झालो. काही वर्षांनी नॉर्मन मैदानाच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. दारूने त्याची रया गेली होती.

"क्लिफ, मला कोणी कामावर घेत नाही."

"आणि तुला माझंच दार दिसलं?"

"बाकीची बघून आलो."

घरी एनिड म्हणाली, "ज्यानं तुझा पाय मोडला त्याच्या हाती पोरं देतोस? अक्कल कुठे गहाण टाकलीस?"

"अगं, तो आडवा आला की पुढे जाता येत नाही, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे?"

आमची बचावफळी त्याने घडवली. संघ वरच्या श्रेणीत गेला. पुढे एनिडला अंथरूण धरावे लागले, तेव्हा माझ्या पायाला जिना झेपत नव्हता. नॉर्मन मागच्या खोलीत राहायला आला आणि रोज सकाळी तिला खाली व संध्याकाळी वर त्याने उचलून नेले. ती त्याला शिव्या देत त्याच्या गळ्यात हात टाकी. तो आपला लागतो तो असा.

२. शिल्लक रकमेतील निम्मी मॉरीनला, निम्मी नॉर्मनच्या देखभालीस.

३. संघाचे माजी अध्यक्ष हॅरोल्ड बर्टविसल यांनी मला प्रशिक्षकपदावरून काढल्याचे मला वर्तमानपत्रातून कळले. त्यांना अंत्यविधीस येऊ द्यावे. नंतरच्या चहापानात हॅम सँडविच मात्र देऊ नये.

४. नॉर्मनला आता जुने काही आठवत नाही. मी लंगडताना दिसलो की तो विचारतो, "क्लिफ, पायाला काय झालं रे?" एकदा मी खरे सांगितले, "तूच मोडलास." तो दिवसभर जेवला नाही, भिंतीकडे तोंड करून रडत राहिला. दुसऱ्या दिवशी ते विसरला आणि पुन्हा तेच विचारले. मी म्हणालो, "बर्फावरून घसरलो." तेव्हापासून तेच सांगतो. माझ्यामागे तो माझ्या पायाबद्दल विचारील. मॉरीन, तूही हेच सांग. मग तो म्हणेल, "सांभाळून चालायला नको का त्यानं?" त्यावर "हो, नॉर्मन" एवढेच म्हणावे.

हे मृत्युपत्र दोन्ही साक्षीदारांसमक्ष वाचून, समजून सही केली. नॉर्मनलाही सही करायची होती. ज्याला लाभ मिळतो त्याला साक्षीदार होता येत नाही, असे सांगितल्यावर त्याने सर्वांसाठी चहा केला.

सही: क्लिफर्ड ऑगडेन

साक्षीदार:
शीला एंटविसल, शेजारीण
टेरेन्स क्लेग, मैदानाचे माळी

बेकप, ११ मार्च २००९