गाडग्यात पातळ, पायात घट्ट

१७ एप्रिल
अंगठा कापावा लागेल म्हणे! डाव्या पायाचा. डॉक्टर क्षमा मॅडमनी खोली मोजायला जखमेत बारीक सळई घातली — तीन सेंटिमीटर आत गेली, तीही वाकडी. मला काही कळलं नाही. साखरेनं पाय बधिर झालेत. चपलेचा खिळा घुसला, तोही कळला नव्हता.
"काकू, किती दिवस झाले?"
"आठ."
ह्यांचंही असंच सुरू झालं. आधी अंगठा, मग पाऊल, मग गुडघ्याखाली. मग हेच गेले. चार वर्षं झाली.
मॅडम म्हणाल्या, एक नवं औषध तपासून पाहतोय. दहा जूनपर्यंत जखम आतून भरली तर अंगठा वाचेल. नाही तर कापू. इथे सही करा.
मी म्हटलं, "वाचून देते."

१८ एप्रिल
आठ पानं, इथल्या रिवाजानं हिंदीत. सातवी शिकलेली बाई आहे मी, पण ह्यांच्या रेल्वेतल्या लांबलांब ड्यूट्यांनी वाचायची सवय लावली. इंद्रजीतचा फोन: "आई, साइन कर दो ना! इतना कौन पढ़ता है?"
म्हटलं, "तुही माय वाचते."
मजेची वस्तू आहे. जेल. फ्रिजमध्ये पाण्यासारखं पातळ, तीस अंशांच्या वर गेलं की घट्ट. म्हणजे तुपाच्या अगदी उलट! पातळ असताना वाकड्यातिकड्या जखमेत तळापर्यंत पोचतं, अंगाच्या उबेनं तिथंच थिजतं आणि त्यातलं औषध हळूहळू सुटत राहतं. डोळ्यांसाठी, हिरड्यांसाठीही असलं जेल वापरून पाहतात म्हणे.
सही केली.

२२ एप्रिल
रीना सिस्टर आली. समता कॉलोनीतून आमच्या घरी तात्यापाऱ्यात, भर उन्हात, स्कूटीवर. बर्फाच्या डब्यातून जेलची पिचकारी काढली आणि दोन्ही तळव्यांत धरून चोळत बसली. बाळाच्या कानात तेल घालायच्या आधी वाटी उबवतात, तशी. "दादी को ठंडा न लगे." किती मायेची बाई!

३ मे
चार वेळा झालं. सळई अजूनही तीन सेंटिमीटर आत जाते.

४ मे
दिवसभर ह्यांचा पाय डोळ्यांसमोर. शेवटी शेवटी रिकाम्या जागेवर हात ठेवून विचारायचे — "कलावती, अंगठा खाजवून राहिला. काहून?"

६ मे
आज नीट पाहिलं. पिचकारी दाबताना रीनाचा अंगठा पांढरा पडतो. जोर लावावा लागतो! आणि जे येतं ते गोळ्या-गोळ्यांचं, जखमेच्या तोंडाशीच बसतं. पाण्यासारखं कुठं आहे?
रात्री ती आठ पानं पुन्हा काढली. तीस अंशांच्या वर घट्ट. आणि हाताचे तळवे किती? तीसच्या वरच!
म्हणजे ती माझ्यासाठी उबवते आणि ते नळीतच थिजतं. आणि ऊब कोणासाठी — ज्या पायाला थंड-गरम काहीच कळत नाही त्याच्यासाठी! एकटीच हसले. मग रडलेही थोडी.

८ मे
सांगितलं. रीना बिचारी कानकोंडी झाली. "दादी, मैं तो..."
म्हटलं, "जाऊ दे माय. मायेनंच केलं तू. पण आता हात नको लावू त्याले."
पण आज डबा उघडला तर बर्फाचं पाणी झालेलं. मी तिची आजची चौथी पेशंट, ती शंकर नगर करून आलेली. बाहेर त्रेचाळीस अंश. जेल आधीच घट्ट! फ्रिजमध्ये ठेवावं, तर सकाळपासून लाइट नाही.
"आज रहने देते हैं दादी."
रहने कसं देते हैं? दहा जून का थांबणार आहे?
तेव्हा ह्यांचं गाडगं आठवलं. हे मालगाडीचे गार्ड. ड्यूटीवर इन्सुलिन न्यायचे ते एका लहान गाडग्यात — बाहेरून ओलं फडकं गुंडाळून. उन्हाळ्यातही आत गार. चार वर्षं ते खिडकीत पालथं होतं. कोणाला हात लावू दिला नव्हता.
उतरवलं. भिजवलं. फडकं गुंडाळून दारातल्या झळेत ठेवलं. इंद्रजीतनं दिलेलं भिंतीवरचं थर्मामीटर काढून आत टाकलं. घरात एकोणचाळीस होते. गाडग्यात हळूहळू चोवीस!
मग पिचकारी, प्लास्टिकच्या पिशवीत घालून. रीना घड्याळ पाहत होती. "दादी, एक बार जम गया तो जम गया. दही फिर दूध बनता है क्या?"
"दही नाही होय हे. कागदात लिहून आहे — गार केलं की परत पातळ."
पाऊण तास लागला. पिचकारी काढून आडवी केली — आतला बुडबुडा सरकन पळाला! वाहत होतं! रीना ओरडली, "अरे वाह दादी!" दाबायलाही लागलं नाही. आत गेलं, गेलं, दिसेनासं झालं. मिनिटभरानं तिनं पाय तिरका केला. एक थेंब बाहेर नाही.

१० मे
क्षमा मॅडमना सगळं सांगितलं, लपवलं काही नाही. आधी रागावल्या, "आधी मला फोन नाही करायचा?" मग थर्मामीटरचे आकडे पाहिले. गाडगं हातात घेऊन फिरवलं. सूचनांच्या कागदावर माझ्यासमोर एक ओळ वाढवली: हातात गरम करू नये.
ती ओळ माझी आहे!

१९ मे
दोन सेंटिमीटर.

२१ मे
रीनानं कुंभाराकडून तीन गाडगी घेतली. उरलेल्या तीन पेशंटांना एकेक. "सबको बोलती हूँ, तात्यापारा वाली दादी का फॉर्मूला है."
म्हटलं, "दादीचा नाही, दादाचा. गाडगं ह्यांचं होतं."

२९ मे
पाऊण सेंटिमीटर. जखमेच्या कडा गुलाबी. साखरही पहिल्यांदा आटोक्यात.

८ जून
सळई गेलीच नाही! मॅडमनी दोनदा पाहिलं. "काकू, अंगठा तुमचा." रीनानं तिथंच टाळ्या वाजवल्या. घरी येऊन अंगठ्याला तेल लावलं, जन्मलेल्या पोराला लावतात तसं. ह्यांच्या फोटोसमोर पाय पुढे करून दाखवला. पाहा म्हटलं, पूर्ण आहे.

१० जून
आज मॅडमकडे परत गेले. आठ दिवस सांगितले होते, ते खोटं होतं. खिळा जानेवारीतच लागला होता. कळलं नव्हतं, पण संध्याकाळी मोज्यावर रक्त दिसलं होतं. दुसरा मोजा चढवला आणि गप्प बसले. ज्या वाटेनं हे गेले तीच वाट मलाही सापडली असं वाटलं होतं.
मॅडमनी आठ दिवस खोडून तीन महिने लिहिलं. मग पेन खाली ठेवलं. "आणि आता, काकू?"
येताना चपला घेतल्या. बिनखिळ्याच्या. दोन जोड.