वखराची दुसरी पाळी

शिरड शहापूर,
६ एप्रिल १९७४

चि. पंचफुला हिस सोनाजीकाकाचा जयभीम व अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू खुशाल आहेस हे कळून आता दोन दिवस झाले. तरी स्वतःच्या हाताने चार ओळी लिही, म्हणजे तुझ्या आईचा जीव पुरता भांड्यात पडेल.

तुझ्या मैत्रिणीने, मनकर्णाने, पाठवलेली तार गुरुवारी आली. पंचफुला रिहर्सल अपटू ट्वेंटिएथ नॉट कमिंग. घरात इंग्रजी शिकलेला मी एकटा, तोही आठवीपर्यंत. माझ्या डिक्शनरीतली आर अक्षराची पानं वाळवीने खाल्लेली. मग मी डोकं चालवलं. री म्हणजे पुन्हा हे ठाऊक होतं, ते कापलं आणि उरलेला हर्स शोधला. तिथे लिहिलं होतं, प्रेत नेण्याची गाडी. पुढे तुझं न येणं होतंच. वहिनींनी हंबरडा फोडला आणि तुझे बाबा, भिवाजीदादा, औरंगाबादची एस.टी. गाठायला अनवाणीच वसमतच्या वाटेला लागले. तिथे स्टँडवर एका मास्तरांनी तार वाचून सांगितलं की हा नाटकाच्या सरावाचा शब्द आहे, पोरगी मजेत असेल. दादा तिथेच फलाटावर बसून रडले.

आता मात्र ते रागावले आहेत. ज्या शब्दाने लेकीची तिरडी दाखवली तो घरात नको, नाटक सोडून तिने निघून यावं, असं त्यांचं म्हणणं. ढेकळं फोडायला रानातून वखराची दुसरी पाळी चालली होती, ती अर्धी टाकून वखर शेतात तसाच पडला आहे. माझं कुणी ऐकत नाही. डिक्शनरी तर वहिनींनी चुलीत घातली.

काकावरचा राग तारेइतकाच आखूड ठेव.

तुझा,
सोनाजीकाका


औरंगाबाद,
९ एप्रिल १९७४

ति. सोनाजीकाकांस पंचफुलाचा सविनय जयभीम. वि. वि.

मी ठणठणीत आहे, दोन्ही वेळा जेवते, आणि ही ओळ आईला दोनदा वाचून दाखवा. तुमचं पत्र वाचून आधी हसले, बाबा अनवाणी गेले तिथे आल्यावर मात्र रडू आलं. मनकर्णा रोज माफी मागते.

काका, जयंतीनिमित्तच्या या नाटकात मी एकटीच मुलगी आहे. मी निघून आले तर वीस तारखेला पडदा उघडणार नाही, आणि पुन्हा मला कुणी उभं करणार नाही. बाबांना राग आला तर येऊ दे, पण मला हे सोडायचं नाही.

इंग्रजीच्या सरांना तुमची करामत सांगितली. वाटलं, हसतील. ते म्हणाले की काकांनी शब्द अगदी योग्य जागी कापला. हे दोन्ही शब्द फ्रान्समधल्या एकाच जुन्या शब्दातून आले, आणि त्याचा अर्थ दात असलेला वखर. प्रेतावर मेणबत्त्या लावायची चौकट त्या वखरासारखी दिसायची, म्हणून आधी तिला ते नाव पडलं आणि पुढे गाडीला. रिहर्स म्हणजे त्याच रानातून पुन्हा वखर फिरवणं. त्यावरून बोललेलं पुन्हा बोलणं असा अर्थ झाला, आणि नाटकवाल्यांनी तो मागाहून उचलला. ढेकळं एका पाळीत फुटतात का, एवढंच बाबांना माझ्या वतीने विचारा.

मी चुकले असले तरी माया आटू देऊ नका.

तुमची,
पंचफुला


शिरड शहापूर,
१३ एप्रिल १९७४

चि. पंचफुला हिस काकाचा जयभीम व आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचून दाखवलं. वखराचं नाव निघताच दादांनी ते पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावलं. मग विचारलं की ते सायेब लोक बी वखर हाकत होते व्हय. मी हो म्हणालो. त्यावर त्यांचा निकाल असा की लेकराचं काम आपल्याच कामातलं हाये, त्याला काहून नावं ठेवायची. अर्धी पाळी टाकून घरी येणाऱ्याला आपण आळशी म्हणतो, तवा तिला लिव्ह, रान पुरं झाल्याबिगर येऊ नको.

वीस तारखेला आम्ही तिघंही एस.टी.ने येतोय. पुढच्या जागा धरून ठेव. वहिनी धपाटे आणणार आहेत. माझ्यासाठी एक डिक्शनरी बघून ठेव, आरची पानं शाबूत असलेली.

आमच्यावर अशीच हसत राहा.

तुझा,
सोनाजीकाका

ता. क. आज सकाळी, तारेच्या दिवसानंतर पहिल्यांदाच, दादांनी दावणीचे बैल सोडून रानाकडे हाकले. वहिनींनी कुठे निघालात म्हणून विचारलं. दादांनी मागे न बघता सांगितलं की रिहर्सलीला.