क्रफिनचं खोकं

वसई (प.),
१३ जानेवारी २०२५

ती. विनितामावशीस,
शि. सा. न. वि. वि.

फोन असताना हिला पत्राचं खूळ कुठून आलं, असं म्हणशील. अगं, आमच्या दोन खोल्यांत फोनवर बोलायचं म्हणजे आईला ऐकवणंच. पोळ्या लाटताना तिचा एक कान माझ्याकडेच असतो.

तर सिद्धेश. तू सुचवलेलं स्थळ, इथल्या होळी भागातले केळीच्या वाडीवाले. पोहे झाले, आणि पुढचं आम्ही बाहेर भेटून बघू असं दोघांनी ठरवलं. तेव्हापासून दर रविवारी नवी बेकरी नाहीतर नवं कॅफे. क्रॉसाँ आणि डोनट मिळून क्रॉनट, क्रॉसाँचं पीठ वॉफलच्या साच्यात दाबलं की क्रॉफल, मफिनच्या वाटीत भाजलं की क्रफिन. काल नॅन्सीच्या बेकरीत सुकेळी भरलेला क्रॉसाँ खाल्ला. मी त्याला साठ मार्क दिले. सिद्धेशच्या घरीच केळी वाळवून सुकेळी करतात, त्यामुळे त्याने जेमतेम पस्तीस देऊन पास केला.

आता दोन्ही घरं माझ्या होकारासाठी ताटकळली आहेत आणि मला काही कळत नाही. माणूस चांगला आहे, हसरा आहे, वेटरशीही नीट बोलतो. पण मला तो आवडतो की दर रविवारचं नवीन काहीतरी, हे सांगता येत नाही. घरी आले की एका जागी बसवत नाही, नुसती गॅलरीत येरझाऱ्या घालते. तू सांग काय करू.

काकांना नमस्कार. उत्तर लवकर धाड, म्हणजे माझी गॅलरी झिजायची थांबेल.

तुझी,
आर्या

चिपळूण,
२१ जानेवारी

चि. आर्यास,
अनेक आशीर्वाद.

मैद्याला एवढं लोणी फासून वर त्याचे संकर कसले करता गं? नावं वाचूनच मला करपट ढेकर आला. यांना मात्र तोंडाला पाणी सुटलंय. साखर वाढलेली असताना क्रॉनट म्हणजे काय ते विचारत माझ्यामागे फिरतायत.

स्थळ मी सुचवलं म्हणून भिडेला पडू नकोस. एक कर. एका रविवारी काही नवं न खाता त्याच्या शेजारी बस. नुसता चहा घे. मग बघ, उठावंसं वाटतं की बसावंसं. आणि घरी नीट जेवत जा, तुझी आई फोनवर काळजी करत होती.

इकडची माया तुला पाठ आहेच, ती तशीच राहील.

तुझी,
विनितामावशी

वसई,
३ फेब्रुवारी

ती. मावशीस,
शि. सा. न.

काल मोठा घोळ झाला. नुसता चहा घ्यायचा असं ठरवूनच गेले होते. पण सिद्धेशला घरी वाडीची किल्ली द्यायची होती आणि तो मलाही चल म्हणाला. रिकाम्या हाताने कशी जाऊ, म्हणून नॅन्सीकडून क्रफिनचं खोकं घेतलं.

घरात संक्रांतीचं हळदीकुंकू चाललेलं. ओटीवर बायकाच बायका. त्याच्या आजीने माझ्या हातातलं खोकं पाहिलं आणि मुलगी स्वतः गोड घेऊन उंबरठ्यात आली म्हणजे होकारच, असं जाहीर करून टाकलं. खोकं देवापुढे गेलं. मला पाटावर बसवलं, तांदूळ-नारळाने ओटी भरली. अहो तसं नाही, म्हणायला मी तोंड उघडलं तर आजीने त्यात क्रफिनचा तुकडा भरवला. सिद्धेश दारात पांढराफटक पडून उभा. मी घरी पोचायच्या आत त्याच्या आईचा फोन आला होता आणि आईने अख्ख्या मजल्यावर पेढे वाटले होते.

खरं सांगू? तिथे पाटावर मला क्षणभर बरं वाटलं. ठरलं एकदाचं, असं. घरी आल्यावर मात्र तो नारळ कुठे ठेवावा कळेना. हातात धरून स्वयंपाकघरात फिरत राहिले. मावशी, आता नाही म्हणता येतं का गं?

गोंधळलेली,
आर्या

चिपळूण,
१० फेब्रुवारी

चि. आर्यास,
अनेक आशीर्वाद.

येतं. न यायला काय झालं.

माझ्या वेळी मला कुणी विचारलं नव्हतं. यांच्याकडून पेढे आले, तुझ्या आजोबांनी एक तोंडात टाकला आणि झालं. संसार चांगला झाला, माझी तक्रार नाही. पण विचारलं असतं तर मी काय म्हटलं असतं, हे मला आजही माहीत नाही. भांडी विसळताना कधीतरी ते मनात येतं आणि मी नळ मोठा करते.

तू हो म्हण नाहीतर नाही म्हण, पण तुझ्या तोंडाने म्हण. तुझ्या आईला मी बघते.

पाठीशी असलेली,
मावशी

वसई,
१७ फेब्रुवारी

ती. मावशीस,
शि. सा. न.

तुझं पत्र पोचायच्या आधीच सिद्धेशने त्याच्या घरी सांगून टाकलं होतं, की आर्याने फक्त खाऊ आणला, तिने होकार दिलेला नाही, आणि तिला कुणी काही बोलायचं नाही. आजीने त्याच्याशी अबोला धरला. हे सगळं मला त्याच्या आईने माझ्या आईला फोन केला तेव्हा कळलं. तो स्वतः एका शब्दाने बोलला नव्हता.

आणि ते ऐकून मला काय वाटलं, तर सुटले. छातीवरचा दगड उतरला. मग लाज वाटली, कारण इतकं चांगलं कुणी वागलं आणि मला आनंद झाला तो सुटल्याचा. पण मावशी, तेच माझं उत्तर होतं.

काल नॅन्सीकडे त्याला नाही म्हणून सांगितलं. माझं काही चुकलं का, असं त्याने विचारलं. काहीच नाही, मी म्हटलं, आणि ते खरं होतं. त्याचा होकार होता, दुसऱ्या रविवारपासूनच. एवढंच बोलला. पुढे आलेला क्रॉनट नॅन्सीने नेहमीसारखा मधोमध कापून दिला होता, तो आम्ही दोघांनी संपवला. मला रडू येत होतं, पण रडायचा हक्क त्याचा होता.

आईला रात्री सांगितलं. ती बोलत नाहीये, तेव्हा तू जमेल तशी ये.

रिक्षा स्टँडवर मला सोडून त्याने हेल्मेट घातलं. राजोडीच्या कॅफेत पुढच्या रविवारी काहीतरी नवीन येतंय, असं सवयीने म्हणाला आणि मध्येच थांबला. मग गाडी सुरू केली.

माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझीच,
आर्या