माझे पाच रंग आणि बांधावरचा तांदुळजा

५ ऑगस्ट, सोमवार. दुपारी
आजपासून आयुष्य बदललं. ही डायरी कृषी सेवा केंद्रवाल्यानं जानेवारीत फुकट दिली होती. आजवर तिच्यात एकच नोंद आहे, 'उसाला पाणी'. आता रोज लिहिणार. कोणाला दाखवायची नाही.

सकाळी तालुक्याला डॉक्टरांकडे गेलो होतो. मूळ काम सुरेखाचं. तिच्या गर्भपिशवीत गाठ आहे, अंगावरून फार जातं, ऑपरेशन करायचंय. पण रक्त (हिमोग्लोबिन) भरलं ८.४. डॉक्टर म्हणाले, दहाच्या वर आणा, १९ सप्टेंबरला परत तपासू आणि लगेच तारीख देऊ. लोहाच्या गोळ्यांनी तिला उलट्या होतात, म्हणून रोज पालेभाजी भरपूर खा म्हणाले.

बसल्या बसल्या मीही रक्त देऊन टाकलं. उपाशीपोटी साखर १६८! डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे आहार सांभाळून बघा, नाहीतर गोळ्या सुरू करू.

घरात एवढं गंभीर दुखणं निघालं. सुरेखालाही धक्का बसला असणार, एसटीतून कोल्हारला उतरेपर्यंत खिडकीबाहेर बघत होती.

६ ऑगस्ट
मोनिकाचा (थोरली लेक, पुण्यात नोकरीला) फोन. व्हॉट्सअॅपवर दोन कागद पाठवले. पहिला, 'पप्पांसाठी': रोज ताटात पाच रंगांच्या भाज्या. हिरवा, लाल, पिवळा, जांभळा, पांढरा. दुसरा 'आईसाठी', त्यावर बरंच काही होतं. दोन्ही चौकातून प्रिंट करून आणले. पहिला देवघराशेजारी चिकटवला. दुसरा घडी करून डायरीच्या मागच्या कप्प्यात ठेवला. एका वेळी एकच गोष्ट नीट करावी, हा माझा स्वभाव.

संकल्प: साखर १६८ वरून १००. वजन ८६ वरून ७५. चहा बिनसाखरेचा.

७ ऑगस्ट
बिनसाखरेचा चहा घशाखाली उतरत नाही. त्यामुळे जीव अस्वस्थ होतो, आणि अस्वस्थतेनं साखर वाढते असं वाचलंय. म्हणून अर्धा चमचा.

८ ऑगस्ट. संध्याकाळी
शिर्डी रोडच्या मॉलमधून ब्रोकोली, लाल-पिवळी ढोबळी मिरची आणि जांभळा कोबी आणला. आईनं (वय ७९, दात चार, मतं भरपूर) ब्रोकोली हातात घेऊन फिरवली. म्हणाली, "बिभीषणा, फ्लावरला बुरशी आल्यावानी दिसतंय हे." सुरेखाला सांगितलं, नुसती वाफव. ती म्हणाली, "अहो, असं कच्चं कसं खायचं तुमी?" आणि काळा मसाला, शेंगदाण्याचा कूट घालून रस्सा केला. चव झकास होती. तीन भाकरी गेल्या. पण भाजीमुळे गेल्या, हे महत्त्वाचं.

ब्रोकोली एवढीशी. तिघांत वाटली असती तर कोणालाच गुण आला नसता. औषध म्हणून मी एकट्यानं खाल्ली. आई आणि सुरेखानं तांदुळज्याची गरगट भाजी खाल्ली, बांधावरून खुडलेली. त्यांची आवड साधी आहे.

९ ऑगस्ट
वजन ८६.५. काटा उंबऱ्याजवळ ठेवला होता, फरशी तिथे सपाट नाही. मोरीपाशी ठेवला तर ८६. सपाटीचा प्रश्न सुटेपर्यंत वजन करणार नाही.

१२ ऑगस्ट, श्रावणी सोमवार
कडक उपवास. उपवास म्हणजे आपल्या लोकांनी शोधलेलं डाएटच. पांढरा: साबुदाणा. पिवळा: केळी (तीन). लाल: रताळी. हिरवा: खिचडीतली मिरची. जांभळा राहिला. पाचांपैकी चार, म्हणजे ८० टक्के.

सुरेखाचाही उपवास. तिनं दोन कप चहा घेतला. भूक नाही म्हणाली.

१४ ऑगस्ट
मोठा निर्णय. मॉलची भाजी शिळी, फ्रिजातली. आपण शेतकरी माणूस, चार एकर वावर, आणि भाजी विकत? स्वतःची न्यूट्रिशन गार्डन करणार. जागा: विहिरीकडचा बांध. तिथे नुसतं तण माजलंय. नर्सरीत ब्रोकोलीच्या चाळीस रोपांची ऑर्डर दिली.

तणनाशक घेऊन निघालो तर सुरेखा खुरपं टाकून मागे आली. म्हणाली, "अहो, तिकडं नका मारू. तांदुळजा, घोळ, पाथरी, लई फुटलंय तिथं. मी रोज तिथूनच तर नेते." मी तिला डायरीचं पान उघडून दाखवलं. प्रत्येक पानाच्या तळाला तणनाशक कंपनीची जाहिरात आहे. आज नेमका तांदुळज्याचाच फोटो, वर लाल फुली, खाली 'रुंद पानांच्या तणांचा समूळ नायनाट'. छापील पुरावा. ती खुरपं उचलून परत गेली. शिकलेल्या माणसाला घरात विरोध फार होतो, पण पुराव्यापुढे चालत नाही.

फवारणीचे तीन पंप मारले.

१७ ऑगस्ट
बांध पिवळा धमक पडला. बघून समाधान वाटलं.

सुरेखाला म्हणालो, पंप धुऊन ठेव. गोठ्यापर्यंत गेली आणि डोळ्यापुढे अंधारी आली म्हणून खाली बसली. आईनं तिला आत नेलं. पित्त असणार, सकाळपासून उपाशी होती. मी तिला वेळेवर खाण्याचं महत्त्व समजावून सांगितलं. साधारण वीस मिनिटं.

२० ऑगस्ट
रोपं लावली. चाळीस. ओळीत, दीड फुटावर. आता दिवसातून चार वेळा बघून येतो. घरात बसवत नाही. रोपाकडे बघितलं की ते थांबलंय असं वाटतं, पाठ फिरवली की वाढलं असेल असं वाटतं. गोरक्ष (बांधाला बांध, लहानपणापासूनचा शेजारी) विचारत होता, काय लावलंय. सांगितलं, इम्युनिटी.

२२ ऑगस्ट
पाच रंगांत बदल. जांभळा कोबी खाऊन पोट गुडगुडतं. त्याऐवजी वांगं, तेही जांभळंच. भरलं वांगं. तेल सुटलं होतं, पण तेलाला रंग नसतो, ते कोष्टकात येत नाही.

जेवताना सुरेखाला विचारलं, तू का नाही बसत? म्हणाली, "तुमचं होऊ द्या, मग बसते." मी आग्रह केला नाही. तिला गडबड आवडत नाही.

२६ ऑगस्ट
रोपं रेंगाळली आहेत. चौकातून टॉनिक आणलं, समुद्री शेवाळाचं. पंपात कालवलं, चाळीसही रोपांना मनसोक्त फवारलं. मनात आलं, आपण खातोय तेच रोपांनाही देतोय, पोषण. रात्रीची भाकरी दोनच.

२७ ऑगस्ट
चार भाकरी. कालच्या दोन धरून सरासरी तीन.

२९ ऑगस्ट. सकाळी ८
रोपांची पानं पिळवटली आहेत. थंडी असेल.

२९ ऑगस्ट. सकाळी ११
ऑगस्टमध्ये थंडी नसते.

२९ ऑगस्ट. दुपारी २
गोरक्षला बोलावून दाखवलं. त्यानं रोपं बघितली नाहीत, सरळ गोठ्यात गेला, पंपाचं झाकण काढून वास घेतला. म्हणाला, "भाऊ, पंप धुतला व्हता का? तणनाशक मारलेल्या पंपानं टॉनिक मारलंय तुमी." एवढंच बोलून थांबायला हवं होतं. पण नंतर तो खाली बसून हसला.

पंप धुवायचं काम सुरेखाचं होतं. तसं तिला बोललोही. आई म्हणाली, "ती पडली व्हती त्या दिशी. तू काय करीत व्हतास?" त्या दिवशीची नोंद काढून बघितली. वेळेवर खाण्याचं महत्त्व समजावत होतो.

तळाला जाहिरात: 'फवारणीनंतर पंप तीन वेळा स्वच्छ धुवावा.' अक्षर फार बारीक छापतात.

२ सप्टेंबर, पोळा
पुरणपोळी म्हणजे मुळात हरभऱ्याची डाळ, प्रोटीन. गुळात लोह. दुधात कॅल्शियम. चार खाल्ल्या. सणाला नाही म्हटलं की घरातलं माणूस दुखावतं, आणि सुरेखा पहाटेपासून पुरण वाटत होती. मध्ये दोनदा जिन्याच्या पायरीवर टेकली. ओठ पांढरे दिसले. पीठ लागलं असेल.

५ सप्टेंबर
मोनिकाचा फोन. माझी साखर विचारायच्या आधी तिच्या आईचं विचारलं. "मम्मी दुसऱ्या कागदातलं खाती ना? तांदुळजा, शेपू, वर लिंबू पिळून? जेवणावर चहा नाही ना घेत?" मी म्हणालो, सगळं नीट चाललंय. फोन ठेवल्यावर कप्प्यातून कागद काढला. पहिली ओळ: 'बांधावरचा तांदुळजा रोज. सगळ्यात स्वस्त, सगळ्यात चांगला.'

कागद परत घडी करून ठेवला. बाजारात मेथी मिळते.

६ सप्टेंबर
बाजारात मेथी चिखलानं भरलेली, पावसानं सडलेली. आणली नाही. ढोबळी मिरची मात्र सुंदर होती.

९ सप्टेंबर
गणपतीचे मोदक. नोंद ठेवण्यासारखं विशेष काही नाही. (अकरा.)

१३ सप्टेंबर
झोप लागत नाही. आठवड्यावर तपासणी. सकाळी कालव्यापर्यंत दोन फेऱ्या मारल्या. परतताना बांधावरून आलो. पांढरी पडलेली माती, चाळीस वाळकी काड्या. खालच्या अंगाला गोरक्षच्या बांधावर तांदुळजा गुडघ्याएवढा. त्याची आई रंगुबाई ओचा भरून खुडत होती. मला बघून म्हणाली, "सुरेखा दिसंना हो भाजीला. रोज यायची तिकडून, आमचं बोलनं व्हायचं." मी म्हणालो, घरात कामं असतात. पुढचे सहा दिवस कडक. कारल्याचा रस.

१४ सप्टेंबर
कारल्याचा रस घेतला. तोंड कडू झालं म्हणून वर थोडा गूळ.

१८ सप्टेंबर
उद्या तपासणी. सुरेखा घागर उचलताना थांबली. भिंतीला हात लावून उभी राहिली, धाप लागली होती. मी घागर आत नेली. तिनं असं बघितलं की जणू पाहुण्यानं ताट उचललं. घाबरलोय. माझ्या साखरेला, असं सकाळपासून स्वतःला सांगतोय.

१९ सप्टेंबर, गुरुवार. संध्याकाळी
माझी साखर १८१. गोळ्या सुरू.

सुरेखाचं रक्त ७.१.

डॉक्टरांनी माझा कागद बाजूला सारला, बघितलाही नाही नीट. म्हणाले, एवढ्या रक्तावर ऑपरेशन करता येत नाही. तारीख मिळणार नाही. आधी दोन पिशव्या रक्त चढवावं लागेल, आणि त्याच्या बदल्यात रक्तपेढीला रक्त देणारा माणूस हवाय. मी उठून उभा राहिलो आणि बाही वर केली. म्हणालो, माझं घ्या, लागेल तेवढं घ्या. आयुष्यात सुईला एवढा तयार कधीच नव्हतो. डॉक्टर म्हणाले, बसा, तुमच्या साखरेला आज तुमचं रक्त घेता येणार नाही. बाही खाली करायला फार वेळ लागला.

मग त्यांनी तिला विचारलं, सहा आठवड्यांत वाढायचं ते घटलं कसं, पालेभाजी सांगितली होती ना? सुरेखा म्हणाली, "पावसाळ्यात बांधावर तांदुळजा असतो, तो खाती मी. यंदा न्हाई झाला."

यंदा नाही झाला. एवढंच. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी तेव्हा सांगायला हवं होतं. मी भिंतीवरचं पोस्टर वाचत होतो. पाच रंगांच्या भाज्यांचंच होतं.

बदली रक्त गोरक्षनं दिलं. फोन केल्यावर मोटारसायकलवर अर्ध्या तासात आला. या वेळी हसला नाही.

२० सप्टेंबर, शुक्रवार. दुपारी
पहिली पिशवी काल चढली, दुसरी उद्या. सुरेखा दवाखान्यात आहे, आई तिच्याजवळ बसलीय. मी डबा करायला पहाटे घरी आलो होतो.

सकाळी गोरक्षच्या बांधावर गेलो. विचारून. पाटीभर तांदुळजा खुडला. रंगुबाईनं बघितलं आणि अर्धी पाटी उलटी केली. "हा काटेमाठ हाय. हे तर गाजरगवत. बिभीषणा, इतकी वर्सं शेती करतोस, बायकू काय खाती ते वळकू येईना व्हय?" मग तिनं बसून निवडून दिला. लिंबू आमच्या झाडाचं.

भाजी मी केली. मीठ जास्त झालं. डबा दिला तर सुरेखा आधी म्हणाली, "तुमी जेवला का?" हो म्हणालो, खोटं. ती खात असताना समोर बसून राहिलो. तिला संकोच वाटत होता, दोनदा तोंड फिरवून बसली. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, तिला सगळं जेवण सावकाश जेवताना मी पहिल्यांदा बघितलं.

डॉक्टरांच्या असिस्टंटनं फॉर्म भरायला दिला. 'पेशंटचा गेल्या सात दिवसांतला आहार.' डायरी बरोबर होती, म्हणून मी म्हणालो, आत्ता भरतो. पानं पार ऑगस्टपर्यंत मागे चाळली. पाचही रंग सापडले, मोदक, कारल्याचा रस, मधली सरासरी, सगळं तारीखवार. सगळं माझं. सुरेखाचं एवढंच सापडलं: एकदा तांदुळजा, एकदा दोन कप चहा.

शेवटी तिलाच विचारलं, या आठवड्यात काय काय खाल्लंस? तिनं डब्याचं झाकण लावलं.

"काय असतंय तेच," ती म्हणाली. "तुमच्या ताटातलं राहिलं तर ते."

फॉर्म कोराच परत दिला.