वरून आपली गल्ली

४ एप्रिल
टँकर आला नाही. म्हणजे आज टेकडीवर जाता आलं असतं. पण टँकर येणार नाही हे संध्याकाळी कळतं, सकाळी कळत नाही. यात माझं काय चुकलं ते कुणीतरी सांगावं.
दशम्या केल्या होत्या. घरातच भिंतीकडं तोंड करून खाल्ल्या. कमल म्हणाली, "वर बसून खाल्ल्या असत्या तर ग्वाड लागल्या असत्या." मग उरलेली दशमी माझ्याच ताटात टाकली. हे जास्त लागतं.

५ एप्रिल
लातूरहून मेहुण्याचा निरोप. खोली मिळाली, पुढं दुकानाला जागाही आहे. महिनाअखेर या. जिल्हा झाल्यापासून तिकडं कचेऱ्या, कचेऱ्यांमागं माणसं, माणसांमागं रेडिओ. इथं उदगिरात दुष्काळानं लोक रेडिओ विकायला आणतात, दुरुस्तीला नाही. जावंच लागणार.
कमलची अट एकच. "गाव सोडायच्या आधी एकदा टेकडीवरून दाखवा. लग्नात म्हणला होताव."
म्हणालो होतो. शंभू टेकडीवरून अख्खं उदगीर ताटात वाढल्यासारखं दिसतं, असंच म्हणालो होतो. मी लग्नाआधी एकदा सायकलवर गेलो होतो. ती इतकी वर्षं या गावात राहून विहीर, बाजार आणि गल्ली, एवढंच बघत आली. दरवेळी मीच म्हणायचो, जाऊ की, टेकडी कुठं पळून चाललीय.
आता आपणच पळून चाललो.

७ एप्रिल
अडचण नीट मांडतो. घरात आम्ही दोघंच, पोरगी देगलूरला दिली. एक जण बाहेर गेला तर दुसऱ्यानं घागरींपाशी थांबायचं. नुसत्या घागरी रांगेत ठेवल्या तर मागं सरकतात. घागरीला पाय नसतात, आमच्या गल्लीत फुटतात. म्हणजे दोघांनी मिळून जायला टँकर नसलेला दिवस पाहिजे. आणि तो दिवस टँकरवाल्या बशीरभाईलाही ठाऊक नसतो. विचारलं तर म्हणतो, "मालूम नै मिस्तरी, जब भेजे तब आया."
रेडिओ मी पुस्तकं वाचून शिकलो, कुणाच्या हाताखाली राहिलो नाही. बिघाड कुठं आहे हे कळलं की तो निघतोच, असा माझा अनुभव. इथं बिघाड स्वच्छ दिसतो आणि निघत नाही.

९ एप्रिल
रांगेत मी होतो. डोकं भाजायला लागलं म्हणून घरून छत्री आणली. शेजारची शेवंताबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडली, "मिस्तरी, पाऊस यायलाय का काय?"
बाया खो खो हसल्या. मी म्हणालो, ऊनही वरून येतं, पाऊसही वरूनच येतो, छत्रीला काय फरक कळतो? त्यावर आणखी हसल्या. बरोबर बोललेलं या गल्लीत खपत नाही.

१२ एप्रिल
बसप्पा शेटजी, कोपऱ्यावरचे किराणावाले, टेप दुरुस्तीला घेऊन आले. म्हणाले, "सोमवारी आमची जीप चाललीय टेकडीला. दोघांची जागा हाय. या की. शंभूचं दर्शनबी होतंय."
मी सांगितलं, आमच्या घरातलं माणूस छप्पन सालच्या दीक्षेपासून देवळाची पायरी चढत नाही. आम्हाला गाव बघायचंय.
"मग पायरी चढू नका, कठड्यापाशी हुबं ऱ्हावा. जीपला काय धरम हाय का?"
बरोबर बोलले. त्याचाच राग आला. म्हणालो, आम्ही आमचं एसटीच्या गाडीनं जाऊ.
कमलला बोललोच नसतो, पण शेटजींच्या सूनबाईनं सांगितलं. रात्री ताट वाढताना: "जीपमदी बसून तुमचं काय झिजलं असतं?"
उत्तर होतं. पण ते तिच्यापुढं मांडण्यासारखं नव्हतं. जीप करून नेण्याची ऐपत नाही, आणि दुसऱ्याच्या जीपमधून बायकोला गाव दाखवायला नेणं म्हणजे…

१६ एप्रिल
आज निघालोच. काल टँकर येऊन गेला म्हणजे आज येणार नाही, असा हिशेब. मुखेडकडं जाणारी सकाळची गाडी, फाट्यावर उतरायचं, तिथून चढ चालत, परत येताना पायीच. पाण्याची सुरई, दशम्या, ठेचा. कमलनं ठेवणीतलं लुगडं नेसलं. खिडकीची जागा तिला दिली.
गावाबाहेर पडतो न पडतो तोच समोरून टँकर.
सगळ्या गाडीत एकच गलका. "आमच्या गल्लीचा हाय!" "न्हाई, आमच्या!" बायांनी गाडी थांबवायला लावली. निम्मी गाडी उतरली. कमल माझ्या आधी खाली. कंडक्टर दारात उभा राहून म्हणाला, "टेकडी ऱ्हाती तिथंच, मामा. पळा."
ठेवणीतल्या लुगड्यावर ती धुळीतून पळत होती आणि मी मागं सुरई धरून. सुरई फुटली.
टँकर दुसऱ्या गल्लीचा होता.

१९ एप्रिल
आज जे झालं ते क्रमानं लिहितो, नाहीतर रागात उलटंसुलटं होईल.
बशीरभाई भरलेला टँकर घेऊन गल्लीच्या तोंडाशी थांबला. खाली उतरून म्हणाला, ही खेप टेकडीवर. तिथं कठडा आणि बसायचे बाक बांधायचं काम चाललंय, नवीन जिल्ह्यातली बघण्यासारखी जागा म्हणून. सिमेंटला पाणी मारायचंय. तुम्हाला दुसरी खेप.
माणसांना टँकर कधी ते ठाऊक नाही. सिमेंटला ठरलेला.
शेवंताबाई पदर खोचून पुढं आली. "सिमेट किती पाणी पितंय ते बगूनच येताव आमी." आणि चढली टँकरवर. तिच्यामागं सगळ्या बाया. बशीरभाई ओरडतोय, "अम्मा, गिर जाते! कायकू मेरी नौकरी खाते?" कोण ऐकतं. मी बघतोय तर कमल शिडीवर. माझ्याकडं वळून म्हणाली, "घागरी बगा. छत्री हाय न्हवं?"
आणि गेली.
सगळ्या गल्लीच्या घागरी आणि मी. छत्री उघडून उभा राहिलो.
दुपारी परत आल्या. निम्मं पाणी परत घेऊन आल्या, मुकादमाशी भांडून. सगळ्यांची तोंडं धुळीनं लाल, हसून हसून गळे बसलेले. कमल घागर भरता भरता म्हणाली, "तुमी दिसलाव वरून. छत्री धरून एकलेच. बगळ्यावानी."
मी म्हणालो, बगळा पांढरा असतो.
"मी पदर हलवला. तुमी वर बगितलंच न्हाई."
मी सांगितलं, हे शक्य नाही. टेकडी आणि आपली गल्ली यांच्यामध्ये कापसाच्या जिनिंगचं पत्र्याचं छप्पर येतं. मी स्वतः बघितलंय, तिथून आपली गल्ली दिसत नाही.
"तुमी बगितलं तवा आपली गल्ली व्हती कुठं?"
आजूबाजूच्या बाया परत हसल्या.

२० एप्रिल
दुकान उघडलं नाही.
ती सगळ्यांना सांगते आहे. किल्ला असा दिसतो, तळं करपलेल्या भाकरीसारखं दिसतं, रेल्वेची पट्टी रिबिनीसारखी. मलासुद्धा सांगते. हे मी तिला सांगणार होतो. बोट दाखवून, एकेक.
माझ्याशिवाय गेली याचा राग नाही. असं लिहिलं खरं. खोटं आहे. राग आहे. पण ती गेल्याचा कमी, मी आजवर नेली नाही याचा…

२४ एप्रिल
सामान बांधणं सुरू. रेडिओचे वाल्व्ह कापसात गुंडाळले. जुने डबे कुणाला द्यायचे यावरून वाद.
रांगेत बघतो तर शेवंताबाईच्या हातात छत्री. तिच्यामागं आणखी दोघी. युक्ती कोणाची हे कुणी काढलं नाही.

२७ एप्रिल
आता रांगेत सगळ्यांकडं छत्र्या. काही मोडक्या काड्यांच्या, एकीनं तर पोत्याचीच केलीय.
कमल आपण होऊन म्हणाली, "तुमी जाऊन या एकदा. मी छत्री घिऊन हुबी ऱ्हाते. दिसते का न्हाई बगा. तुमचा जीव त्यात अडकलाय."
म्हणालो, तुझ्याशिवाय जाण्यात काय अर्थ?
"मी बगून आले न्हवं. माझ्यामागून तरी बगून या."
शेटजींकडं सायकल मागितली. ते जीपबद्दल एक शब्दही बोलले नाहीत. हवा भरून दिली.

२८ एप्रिल
गेलो. चढाला सायकल ढकलत नेली. धाप लागली. वर नवा कठडा, ओलं सिमेंट. देवळाकडं पाठ करून उभा राहिलो.
धुळीनं सगळं पिवळट. किल्ला दिसला. तळं खरंच करपलेल्या भाकरीसारखं. तिची उपमा आठवली आणि दुसरी सुचेना. जिनिंगचं छप्पर दिसलं. माझ्या आठवणीपेक्षा बरंच डावीकडं. त्याच्या उजव्या हाताला आमची गल्ली. स्वच्छ दिसत होती.
गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत काळ्या छत्र्या. एकाला एक लागून. सगळ्या गावावर ऊन, आणि फक्त आमच्या गल्लीत पाऊस पडतोय असं वाटावं.
यातली कमल कोणती? पहिली म्हणावी तर ती कधी पहिली नसते. एक छत्री जरा हललीशी वाटली. मग शेजारचीही हलली. वारा असेल.
पंचा काढला आणि सगळ्यांनाच हलवला. कठड्यावर बसलेला गवंडी म्हणाला, "कोण हाय खाली, पाव्हणं?" मी म्हणालो, घरचे.
परत आलो तर घागरी भरलेल्या. कमल म्हणाली, "दिसलाव तुमी. पंचा हलवत व्हताव."
मी विचारलं, पंचा कोणत्या रंगाचा?
"आता परीक्षा घेताव का?" मग घागरीवर झाकण ठेवत, "आन् मी दिसले का?"
मी म्हणालो, हातपाय धुऊ दे आधी. मग आठवलं, पाणी मोजकं आहे. तसाच बसलो.

३० एप्रिल
ट्रक उद्या. तिचं विचारणं अजून तसंच आहे. परत विचारत नाही, पण भांडी बांधताना मधेच बघते.
छत्री सामानात बांधत होतो. तिनं काढून घेतली. म्हणाली, "हातात असू द्या, तिकडंबी रांग असंल." थोड्या वेळानं, "लातुरात टेकडी हाय का वो?"
नाही, सगळं सपाट आहे, हेच बरोबर उत्तर. तोंडात आलं होतं.
म्हणालो, जाऊन बघू.