कडूबाईचा आवाज

सावेडी, नगर
२ जून १९९८

प्रिय ताईस,
सम्राटचा सप्रेम जयभीम. इकडं सगळं ठीक, तुझी खुशाली कळव. वि. वि.

तुझ्या दोन पत्रांना हे एकच उत्तर, म्हणून आधीच कान पकडतो. पण कामच तसं होतं. नवा सॅम्पलर आणल्यापासून खोलीबाहेर पडलो नाही. कुठलाही आवाज त्यात घातला की लांबवता येतो, तोडता येतो, एकच शब्द शंभर वेळा वाजवता येतो. अख्ख्या सावेडीत हे यंत्र माझ्या एकट्याकडं आहे. त्यात पोखरणनंतर माझे स्पीकर एक दिवस रिकामे नाहीत. चौकाचौकांत पेढे, मिरवणुका, नाच. लोकांना कारण पाहिजेच असतं.

आता खरी बातमी. सोबत एक कॅसेट पाठवली आहे. तू राहुरीला शिकत असताना आईच्या जात्यावरच्या ओव्या टेप केल्या होत्यास, आठवतं ना? ती टेप खर्ड्याला ट्रंकेत नुसती पडून होती. मी घेऊन आलो आणि पुण्याच्या एका कंपनीला ऐकवली. मालकांनी पहिली ओळ ऐकूनच हो म्हटलं. त्यांच्या स्टुडिओत बसून संगीत मी स्वतः केलंय, आजच्या काळाला धरून. जास्त सांगून मजा घालवत नाही. कव्हर अजून छापून यायचंय, म्हणून नुसतीच पाठवतो. मात्र एकदम लावू नकोस. पहिला आवाज आईचा आहे, दचकशील.

एक गोष्ट तुला खटकेल. कव्हरवर आईचं नाव नसणार. कडूबाई नावाची कॅसेट कोण घेईल, असं मालक म्हणाले आणि त्यांनी ‘मधुराणी’ करून टाकलं. मलाही आधी कसंतरी वाटलं. मग म्हटलं, आवाज तर तिचाच आहे. जन्मभर तिला गल्लीपलीकडं कुणी ऐकलं नाही, आता सगळं नगर ऐकेल. दादांना अजून बोललो नाही. तुझं पत्र आलं की दोघं मिळून सांगू.

सायकल मारून बारीक झाली असशील तर फोटो पाठव, इथं सगळ्यांना हसायला होईल. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा धाकटा,
सम्राट


वाखनिंगेन, नेदरलँड्स
१७ जून १९९८

सम्राट,
जयभीम. ‘प्रिय’ लिहायला हात वळला नाही.

कॅसेट शनिवारी मिळाली. तू म्हणालास म्हणून पत्र आधी वाचलं, आणि आई ऐकू येणार म्हणून इतका आनंद झाला की एकटीनं ऐकवेना. आमच्या मजल्यावर सगळ्यांचं मिळून एकच स्वयंपाकघर आहे. तिथं नाझिया पोळ्या लाटत होती. ती पाकिस्तानातल्या फैसलाबादची, माझ्यासारखीच खारपड जमिनीवर काम करते. दीड वर्षं आमचा तवा एक आहे. अकरा मेनंतर मात्र आमचं बोलणं तुटलं. भांडण नाही काही नाही, दोघी वेगवेगळ्या वेळी जेवू लागलो एवढंच. मग त्यांच्याकडंही स्फोट झाले, आणि एका संध्याकाळी तिनंच माझ्या ताटात भाजी वाढली. तिच्या भावाचं पत्र आलं होतं, त्यांच्या गल्लीतही मिठाई वाटली, गाणी लावली म्हणून. तिलाही किळस आली होती. इथल्या लोकांची आणखी वेगळी तऱ्हा. जेवताना विचारतात, तुमचे देश गरीब, तुम्हाला बॉम्ब कशाला? यांच्याच जमिनीवर अमेरिकेचे बॉम्ब ठेवलेत असं सगळे म्हणतात. ते विचारलं की कॉफी ढवळत बसतात. मला तिन्ही देशांचा वीट आलाय.

तर नाझियाला म्हटलं, माझी आई ऐक. जात्याची घरघर सुरू झाली आणि तिनं लाटणं खाली ठेवलं. तिची नानी अशीच दळायची म्हणाली. मग आई आली. ‘दारी उभा बुद्ध गं, हसून मागं पानी.’ अर्थ सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात घरघर वाढू लागली. वाढत वाढत गेली आणि तिचाच स्फोट झाला. आईच्या जात्याचा तू बॉम्ब केलास, सम्राट. मग ढोल, शिट्ट्या, आणि एक बाप्या नाझियाच्या देशाला आयाबहिणींवरून शिव्या देतो. त्या समजायला तिला मराठी यावी लागत नाही. मग पुन्हा आई. ‘हसून, हसून, हसून, हसून’, तोडलेला एकच शब्द, जणू तिला उचकी लागलीय. पुन्हा स्फोट. मला बटण सापडेना.

नाझियानं पिठाचे हात धुतले आणि विचारलं, “ही खरंच तुझी आई आहे?” मी हो म्हणाले. ती खोलीत निघून गेली. मी तिथंच बेसिनमध्ये ओकले. शोभेसाठी लिहीत नाही, खरोखर ओकले.

ती टेप मी केली होती. पहिल्या स्टायपेंडमधून टेपरेकॉर्डर आणला होता. आई म्हणाली, जातं फिरल्याशिवाय शब्द येत नाहीत, म्हणून बंद पडलेलं जातं आम्ही दोघींनी ओढत अंगणात आणलं होतं. मला विचारलं नाहीस, दादांना विचारलं नाहीस. मूळ टेप ताबडतोब खर्ड्याला नेऊन दे. त्यावर ओरखडासुद्धा चालणार नाही.

लोभ मागायची पाळी आता तुझी आहे.

प्रज्ञा


मु. खर्डा, ता. जामखेड
२४ जून १९९८

चि. प्रज्ञा हिला दादाचे आशीर्वाद आन जयभीम. माजी तब्येत बरी हाय, गुडघा तेवढा कुरकुर करतो. बनुबाई शेजारून दोन टाइम भाकरी देती, सांगून ऐकत न्हाई. आमच्या गायनपार्टीला औंदा लई बोलावनी आली, पन बॉम्बच्या मिरवनुकीत गा म्हनत्यात, तवा मी पेटी गुंडाळून ठिवली.

पोरी, एक गोष्ट लिहितो. तुला लिहू का नको म्हनून चार दिस कागद पुढं घिऊन बसलो हुतो. मागल्या शनिवारी दाखल्याच्या कामाला जामखेडला गेल्तो. स्टँडवर च्या घेत हुतो. टपरीवाल्यानं टेप लावला आन तुजी आई गायला लागली. कप हातातच राह्यला. चार वर्सं झाली तिला जाऊन. वाटलं, मागं वळलो तर दिसंल. आन मग तो बार उडाला. पोरंसोरं शिट्ट्या मारत हुती, एक म्हातारा टाळ्या पिटत हुता. कव्हर बघितलं. धुराचा मोठा ढग आन त्या ढगात आपल्या बुद्धाचं तोंड. कुना मधुराणीचं नाव.

आपल्या दारी पानी मागायला कोन येत न्हवतं, प्रज्ञा. मी ल्हान असताना आमच्या हातचं पानी कुत्र्यानं पेलं तरी लोक त्याला दगड मारायचे. तुज्या आईनं बुद्धालाच दारी आनला. तो हसून पानी मागतो, आपल्या हातचं. ते हसू हाय त्याचं. त्याच्या पुनवेच्या दिशी ह्यांनी बॉम्ब उडवला, बुद्ध हसला म्हनले, आन आता तिच्याच तोंडानं त्याला हसवत्यात.

पन खरी किळस मला माजीच आली. ते सांगायला हे पत्र. मी उठून गेलो न्हाई. बार उडाल्यावर टपरीवाल्याला म्हनलो, परत पहिल्यापास्नं लाव. आनखी एक च्या घेतला, नको असताना. तिसऱ्यांदाबी लावायला सांगितलं. तिच्या एका ओळीसाठी मी त्या शिव्या तीनदा ऐकल्या. मग कॅसेटच इकत घेतली. आता रोज लावतो, बटनावर बोट ठिवून बसतो आन बाराच्या आधी बंद करतो. कवाकवा बोट चुकतं.

घरी येऊन ट्रंक उघडली तर तुजी टेप त्यात न्हाई. एक नाव मनात येतंय, ते लिहवत न्हाई. तुला ठावं असंल तर कळव. जिवाला जप. बापाची आठवन हाय तशी राहू दे.

तुजा दादा,
सहादू


सावेडी, नगर
६ जुलै १९९८

ताई,
जयभीम.

तुझं पत्र वाचून आधी रागच आला. तिकडं बसून बोलणं सोपं आहे. इथं मी नाही केलं तर दुसऱ्यानं केलं असतं, आणि तुझ्या नाझियाच्या गावातही कुणी सम्राट असेलच की. शिव्या माझ्या नाहीत, त्या कंपनीनं नंतर घातल्या. जात्याचा स्फोट मात्र मी केला. त्या दिवशी मला वाटलं होतं की काय कल्पना सुचली. स्टुडिओतल्या सगळ्यांनी पाठ थोपटली होती. मला त्यात आईचा अपमान दिसलाच नाही. फक्त आवाज दिसत होता, पडद्यावर वरखाली होणारी हिरवी रेघ. हे सफाई म्हणून लिहीत नाही, झालं ते लिहितो.

परवा दादा आले होते. न कळवता, सकाळच्या एसटीनं. दारातच उभे राहिले. आत या म्हटलं, आले नाहीत. पाणी दिलं, घेतलं नाही. मशिनं बघितली, भिंतीवरचे स्पीकर बघितले. बाहेर ज्यानं त्यानं माझं नाव काढावं म्हणून मी कॅसेटचं मोठं पोस्टर लावलं होतं, तेही बघितलं. मग पिशवीतून कॅसेट काढून उंबऱ्यावर ठेवली. एवढंच बोलले, “तिला परत आन.” आणि तसेच पायी स्टँडकडं गेले. मी रिक्षा घेऊन मागं गेलो तर रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूनं चालू लागले.

पोस्टर काढलंय. मूळ टेप पुण्याला स्टुडिओतच राहिली आहे. या आठवड्यात जाऊन घेऊन येतो. मग तुला काय म्हणायचं ते म्हण.

सम्राट


सावेडी, नगर
३० ऑगस्ट १९९८

ती. ताईस जयभीम.

महिनाभर लिहायची हिंमत झाली नाही. टेप गेली. मी पुण्याला तीन खेपा घातल्या. पहिल्या दोन वेळा उद्या या म्हणाले. तिसऱ्यांदा तिथल्या माणसानं एक खोकं पुढं सरकवलं, त्यात शे-दीडशे कॅसेटी होत्या. काम झालं की जुन्या टेपवर आम्ही दुसरं भरतो, म्हणाला, टेप वाया कशाला घालवायची. त्यानं हे इतक्या साधेपणानं सांगितलं की मला मारायलाही सुचलं नाही. खोकं घरी आणून एकेक कॅसेट दोन्ही बाजूंनी ऐकली. अकरा दिवस लागले. आपली सापडली. तुझ्या अक्षरातलं ‘आई, अंगणात’ अजून लेबलवर आहे. आत कुठल्याशा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं भाषण आहे. आप्पासाहेब तुम आगे बढो.

ती घेऊन खर्ड्याला गेलो. दादांच्या पुढं ठेवली आणि सगळं सांगितलं. मला वाटलं मारतील, निदान हाकलून देतील. त्यांनी बनुबाईकडून माझ्यासाठी भाकरी मागवली. जेवण झाल्यावर आपला जुना टेपरेकॉर्डर काढला आणि त्यांनी माझ्या उंबऱ्यावर ठेवलेली, मी परत नेलेली ती बाजारातली कॅसेट लावली. बनुबाई म्हणाली, एरवी ते स्फोटाच्या आधी बटण दाबायचे; या वेळी त्यांनी बटणावर बोट ठेवलं नाही. पहिल्यापासून शेवटापर्यंत ऐकायला लावलं, दोन्ही बाजू. स्फोट, शिव्या, माझा ढोल, सगळं. मी बाहेर जायला उठलो तर खांद्यावर हात ठेवून खाली बसवलं. ताई, ते मी स्वतः बनवलं होतं, पण आपल्या घरात, तिच्या जात्याशेजारी बसून कधी ऐकलं नव्हतं. मला माझ्या हातांची घाण वाटली.

कॅसेट संपली. दादा म्हणाले, “आता तू म्हन. तिच्यासारकी.”

मी पहिली ओळ म्हटली. दुसरी आली नाही. त्या टेपवर ओवी पुरी होती, मी ती स्टुडिओत कितीतरी वेळा ऐकली असेल, पण पहिली ओळ संपली की बटण दाबायचो. मला तेवढीच पाहिजे होती. मी दादांकडं बघितलं. मला वाटलं ते पुढं म्हणतील. चाळीस वर्षं गायनपार्टी केलेला माणूस. ते जात्याकडं बघत राहिले. म्हणाले की ती पहाटे दळायची तेव्हा ते रात्रीच्या कार्यक्रमावरून येऊन झोपलेले असायचे, आणि आवाजानं झोप मोडते म्हणून तिच्यावर ओरडायचे. त्यांनाही येत नाही.

बनुबाईला विचारलं, तिला दुसऱ्याच ओव्या येतात. गावात आणखी दोघीतिघींना विचारलं. ही आईनं स्वतः बांधली होती, म्हणाल्या. मी कळता झालो तेव्हा गिरणी आली होती. जात्यावर तिच्यासोबत तूच बसायचीस.

तुला येत असेल तर दुसरी ओळ लिहून पाठव. दादा रोज पोस्टमनला विचारतात. मागायला तोंड नाही, तरी मागतो.

सम्राट


वाखनिंगेन
१२ सप्टेंबर १९९८

चि. सम्राट,
जयभीम.

येते मला. ती ओळ येते, तिच्या पुढच्या चार ओव्याही येतात. सहा वर्षांची असल्यापासून खुंट्याला तिच्या हाताखाली माझा हात असायचा.

पाठवणार नाही. कागदावर आली की ती वस्तू होते, आणि वस्तूचं तुम्ही काय करता ते बघितलं. हा राग दादांवर नाही असं लिहिणार होते, पण आहे, थोडा त्यांच्यावरही आहे. त्यांना हे पत्र वाचून दाखव, गाळू नकोस. माझ्यावरही आहे. टेप केली म्हणजे आई राखली असं मी धरून चालले, आणि चार वर्षांत एकदाही तोंडानं ओवी म्हटली नाही.

नाझिया बोलायला लागली आहे. गेल्या आठवड्यात तिनंच विचारलं, तुझी आई त्या ओळीत काय म्हणत होती. मी सांगितलं. पाण्याचं सगळं सांगितलं, दादांच्या लहानपणाचंही. मग दुसरी ओळ म्हणून दाखवली. तुझ्या आणि दादांच्या आधी ती एका पाकिस्तानी मुलीला कळली. तुला टोचावं म्हणूनच हे लिहिते.

प्रबंध नोव्हेंबरात देते, डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात खर्ड्यात असेन. तोवर जात्याला टाकी लावून घे, ते बोथट झालं असेल. दोन पायल्या ज्वारी आणून ठेव. दादा, तू आणि मी खाली बसू. मी म्हणेन, तुम्ही माझ्या मागून म्हणायचं, पाठ होईपर्यंत, दोन दिवस लागोत की आठ. घरात कुठलंही यंत्र दिसलं तर मी तोंड उघडणार नाही.

लोभाचं तेव्हा बघू.

प्रज्ञा